मी सांगतो ते लिही

नववीत असताना मी दहावीच्या परीक्षेला बसले. माझ्या नाही, वरच्या मजल्यावरच्या दादाच्या. २००३ सालचा मार्च. त्याआधीच्या डिसेंबरात दादाची आई, म्हणजे काकू, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीचा जिना उतरून सलग तीन दिवस आमच्या दारात आल्या. कधी विरजण, कधी वाटीभर साखर असं काहीतरी मागून परत गेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी आईला खरं कारण सांगितलं. दादाला परीक्षेत लेखनिक मिळणार होता. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्याचं अक्षर सुवाच्य लागतं आणि तो गोष्ट पोटात ठेवणारा लागतो. ही शेवटची अट बोर्डाची नव्हती.

बाबांनी आधी नाहीच म्हटलं. "हिची स्वतःची वार्षिक परीक्षा एप्रिलात आहे." आई म्हणाली, "अक्षर चांगलं असल्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे." मला कुणी विचारलं नाही. तेव्हा मुलांना विचारायची पद्धत नव्हती.

दादाबद्दल आमच्या इमारतीचं मत ठरलेलं होतं: पोरगा हुशार आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नसे. गणपतीचं मखर मात्र दादाच करायचा. तेव्हा थर्माकोलवर बंदी नव्हती. पाढे येत नसलेला तो मुलगा फूटपट्टी न लावता पाच कमानींचा महाल कापायचा आणि पाचही कमानी एकीवर एक ठेवल्या तर कड जुळायची. मोठी माणसं आरतीला आली की कौतुक करायची आणि निघताना म्हणायची, "हीच बुद्धी अभ्यासात लावली असती तर!" ते कौतुक होतं की टोमणा, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. दादाला तेव्हाच कळत असणार.

त्याच्या वह्या मी पुढे पाहिल्या. लाल शाईनं भरलेल्या. 'भात' लिहिलं की 'मात' दिसायचं, 'धर'चं 'घर' व्हायचं. आता शिकवायला लागल्यावर त्यातली गंमत कळते. भ आणि म, ध आणि घ यांच्यात भरभर लिहिताना फरक उरतो तो मुख्यतः डोक्यावरच्या रेषेतल्या फटीचा. आणि आम्हाला शाळेत काय शिकवलं होतं? आधी शब्द लिहा, मग वरून एका फटक्यात शिरोरेषा ओढा, म्हणजे अक्षर देखणं दिसतं. दादा निमूटपणे रेष ओढायचा आणि त्या रेषेखाली फट बुजून जायची. मीही तशीच ओढायचे. पण माझ्या डोळ्यांना बाकीचं अक्षर पुरायचं, त्याच्या डोळ्यांना पुरायचं नाही.

तो आठवीतून नववीत कसाबसा ढकलला गेला. त्या वर्षी दहीहंडीला तिसऱ्या थरावरून पडून त्यानं उजवा हात मोडून घेतला. ठाण्यातल्या मुलाला गोविंदा आणि प्लास्टर या दोन गोष्टी फारशा वेगळ्या वाटत नाहीत. पण या प्लास्टरनं एक वेगळंच काम केलं. घटक चाचणी तोंडावर होती आणि हात गळ्यात. विज्ञानाच्या बाईंनी त्याला शिक्षक-खोलीत बसवून तोंडी प्रश्न विचारले. दादानं सगळी उत्तरं दिली. नुसती दिली नाहीत, एका उत्तरावर बाईंशी वादही घातला. वर्गात कायम शेवटून तिसरा येणारा मुलगा त्या चाचणीत पहिल्या पाचांत आला. बाकीच्यांनी 'बाईंनी दया केली' असं म्हणून विषय सोडून दिला. बाईंनी सोडला नाही. त्यांनी काकूंना बोलावून सायनच्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

मग ठाणे-सायन स्लो लोकलच्या खेपा सुरू झाल्या. बुद्ध्यांकाची चाचणी वेगळी, वाचन-लेखन-गणिताची वेगळी, डोळे-कान वेगळे, पुन्हा बोलावणं. शेवटी एक कागद मिळाला. त्यावर डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया आणि डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे वाचनातली, लेखनातली आणि आकड्यांतली अडचण, हे तिन्ही शब्द होते आणि बुद्ध्यांक सर्वसाधारणपेक्षा थोडा वरच. काकूंनी तो कागद पासबुकाच्या पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. घरात लग्नाची मुलगी होती. वास्तविक तेव्हाच्या, १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हतीच. ती आली २०१६ च्या कायद्यात, प्रकार सातांचे एकवीस झाले तेव्हा. महाराष्ट्रात बोर्डाच्या सवलती त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. म्हणजे कायद्याच्या लेखी जे अस्तित्वातच नव्हतं त्याला परीक्षा मंडळानं जागा दिली होती. सरकारी कारभारात असं उलटंही घडतं कधीकधी.

सवलतींच्या यादीत आणखी एक होती आणि तिच्यावरून घरात वाद झाला. बीजगणित आणि भूमिती सोडून त्यांच्या जागी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभवाचा एक विषय घेता येत होता. शाळेचं म्हणणं, घ्या. काकांचं म्हणणं, घ्या. दादा म्हणाला, "भूमिती सोडणार नाही."

कारण साधं होतं. सातवीचं गणित म्हणजे आकडेमोड, आणि नेमकी तीच त्याला जमत नव्हती. भूमिती त्याला दिसायची. वर्तुळाच्या जीवांचं प्रमेय वाचून दाखवलं की तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हां, हे होणारच." सिद्धता लिहिताना तो अडखळायचा, पण काय सिद्ध करायचंय याबद्दल त्याच्या मनात शंका नसायची. सोपं म्हणून जे त्याच्या हातात ठेवत होते ते त्याच्यासाठी अवघड होतं. अवघड म्हणून जे काढून घेत होते तेच त्याचं होतं. सवलत देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी त्याची फक्त कमतरता तपासली होती.

खूप नंतर, बी.एड.च्या काळात, मला पर्सी भेटला. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चलाख, खेळात कुणाच्या मागे नाही, पण वाचता येत नाही. स्वतःचं नाव 'पर्सी'ऐवजी 'प्रेसी' लिहितो, आणि एकदा दाखवून दिलं तरी चूक त्याच्या लक्षात येत नाही. गणित मात्र आवडीचं. ७४९ गुणिले ८६७ त्यानं झटकन आणि बरोबर केलं. त्याच्या मास्तरांचं मतही मॉर्गननं नोंदवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

ते वाचून मी पुस्तक मिटलं. आमच्या बाईंना हेच कळायला एक मोडका हात लागला होता.

आणि 'प्रेसी'! र जागेवरून उडाला होता. आपल्याकडे तर र हे सगळ्यात नाठाळ अक्षर. 'क्रम'मध्ये तो पोटात तिरका बसतो, 'कर्म'मध्ये पुढच्याच्या डोक्यावर चढतो, 'ट्रक'मध्ये तळाला लोंबतो आणि 'वाऱ्यावर'मध्ये स्वतःच अर्धा होऊन चंद्रकोरीसारखा उभा राहतो. एकच आवाज, चार वेष. वेलांटीचं तर बोलायलाच नको. 'कि' म्हणताना क आधी, लिहिताना इकार आधी. ज्यांना हे सहज जमलं त्यांना यात काही विचित्र आहे हे आयुष्यभर कळत नाही. मीही त्यातलीच होते.

जानेवारीत गच्चीवर आमचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी मी रडकुंडीला आले. दादा बोलायला लागला की थांबायचा नाही. आठ वर्षांचं साठलेलं होतं ते. माझी बोटं वळायची, पानं ओली व्हायची. मग आम्ही ठरवलं: एक वाक्य बोलायचं, मी मान वर केली की दुसरं. तो स्वल्पविरामही सांगायचा. मला वाटायचं, हा वाचू शकत नाही तर याला स्वल्पविराम कसा कळतो? त्याला तो ऐकू यायचा.

आमचं खरं भांडण मार्चमध्ये, विज्ञानाच्या पेपरला झालं. भांडण म्हणजे काय, पर्यवेक्षक समोर बसलेले, एक शब्द इकडचा तिकडे बोलायची सोय नाही. वेगळी खोली, दोन बाकं, वरती करकरणारा पंखा. प्रश्न होता प्रकाशाच्या अपवर्तनाचा. पुस्तकातली व्याख्या मला पाठ होती. मागच्या वर्षीपर्यंत पाचांत पाच मिळवणारी मी, लेखणी सरसावून बसले होते. दादा म्हणाला, "हातगाडी डांबरावरून तिरकी वाळूत शिरली की एक चाक आधी वाळूत जातं आणि मंदावतं. दुसरं अजून डांबरावरच, जोरात. म्हणून गाडी वळते. प्रकाशही असाच, एका माध्यमातून दुसऱ्यात तिरका शिरताना वेग बदलतो म्हणून वळतो."

मी लिहीना. मखराचं सामान जांभळी नाक्यावरून हातगाडीवर आणताना त्यानं हे पाहिलेलं होतं, हे मला माहीत होतं. पण बोर्डाच्या पेपरात हातगाडी? मी त्याच्याकडे बघितलं, माझ्या मते पुरेशा सूचकपणे. पर्यवेक्षकांनी मान वर केली. दादा शांतपणे म्हणाला, "मी सांगतो ते लिही."

मी लिहिलं.

आज वळून बघताना वाटतं, त्या चार शब्दांत सगळं होतं. मला त्याला मदत करायची होती, आणि माझी मदत म्हणजे त्याचं उत्तर खोडून माझं घालणं. हात माझा, म्हणून उत्तरही माझ्यासारखं. गेली तेरा वर्षं शिक्षक म्हणून मी जे बघते त्यात ही माझ्यासारखी 'मदत'च जास्त असते.

भूमितीला त्यानं लेखनिक घेतला नाही. जादा वेळ मिनिटामिनिटानं वापरला. पुढच्या वर्षी मला भूमितीत जितके गुण मिळाले त्यापेक्षा त्याचे चार जास्त होते. बीजगणितात काठावर सुटला. भाषेच्या पेपरात मी 'मूर्ती'ला ऱ्हस्व उकार दिल्याचं मला घरी येताना 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या नाक्याशी आठवलं. पण शुद्धलेखनाच्या चुका माफ होत्या. त्याच्या कागदावर माझी चूक खपून गेली. शेवटच्या पेपरानंतर काकूंनी आम्हाला मामलेदारची मिसळ खायला पैसे दिले. दादानं तिखट घेतली आणि मी मध्यम घेऊनही रडले.

इतकं सगळं बघितलेली मी शिक्षिका झाल्यावर तरी शहाणी असेन, असं कुणालाही वाटेल. मी आता ऐरोलीला राहते आणि गाडीनं ठाण्याला शिकवायला येते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सहावीत एक मुलगा होता. त्याच्या वहीत मी आठ महिने 'अक्षर सुधार, आळस नको' असं लिहीत राहिले. मीच! कारण तो दादासारखा नव्हता. दादा बोलका, हा गप्प. तोंडी विचारलं तरी त्याला शब्द सापडायचे नाहीत. एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेला मुलगा, हा लिहिता न येणारा पण घडाघडा बोलणारा असतो, असा माझ्या डोक्यात साचा बसला होता. या साच्यात तो बसला नाही म्हणून मी त्याला आळशी ठरवून मोकळी झाले. 'सगळी मुलं सारखी नसतात' हे आपण म्हणतो, पण 'न येणारी मुलंही एकमेकांसारखी नसतात' हे पचायला मला ते वर्ष लागलं.

तो मुलगा ग्रंथालयाच्या तासाला पुस्तकं लावायचा. शीर्षकं वाचता येत नव्हती, पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे विचारा. मी शिक्षक-खोलीत सांगितलं तर एक सहकारी म्हणाल्या, "असतंच हो, देव एक काढून घेतो, दुसरं काहीतरी देतो." हे 'दुसरं काहीतरी' माझ्या डोक्यात जातं. चित्र छान काढतो, धावतो छान, मनानं फार चांगला आहे. बलस्थानं शोधा असं हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि आम्ही शोधतोही, पण ती उत्तेजनार्थ बक्षिसासारखी वाटून टाकतो. चित्र काढतोस ना, मग काढत बस, वाचनाचं आम्ही बघू. म्हणजे वाचनाचं कुणीच बघत नाही.

मी काय केलं? लावायची सवय आहे ना, मग शब्द लावायला दिले. र असलेले साठ शब्द जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि म्हटलं, वाचू नकोस, नुसते दिसायला सारखे असतील तसे गठ्ठे कर. त्यानं चार गठ्ठे केले. मग तिसऱ्या गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत बसला. ट्रक, ड्रम, ट्रंक, ड्रायव्हर. अर्ध्या तासानं म्हणाला, "बाई, ज्यांना दांडा नाही, त्यांना खाली टोपी."

मी ट आणि ड कडे बघितलं. खरंच की! क, ग, प, त यांना उभा दांडा आहे, तिथे र दांड्याला तिरका चिकटतो. ट-डला दांडा नाही, म्हणून तो खाली टोपीसारखा येतो. मराठीत एम.ए. केलेल्या मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला ट्र-ड्र वाचता यायला लागलं. बाकीचं वाचन यायला अजून दीड वर्ष गेलं, आणि तेही अडखळत. उगाच चमत्कार झाल्यासारखं सांगत नाही.

आकड्यांची कथा तर आणखी आपली, घरचीच. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी. 'एकोणसाठ'मध्ये तर एक आणि साठ दोन्ही कानावर पडतात आणि लिहायचं असतं ५९. मग मूल ६१ लिहितं आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. एकानं उणे साठ, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद विधानसभेपर्यंत पोचले. पुस्तकात जुनी नावंही होती हे कुणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर एक-दोन विनोद मीही पुढे पाठवले होते. नंतर वर्गातल्या एका मुलीला 'साठ तीन' म्हटल्यावर ६३ लिहिताना पाहिलं, आणि फोनमधून ते विनोद खोडून टाकले. भाषेची नजाकत वगैरे ठीक आहे. त्रेसष्ट मलाही आवडतं. पण दोन्ही असायला काय हरकत होती?

पालक विचारतात, बाई, टेस्ट करायची का? मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी धाटणीच्या चाचण्यांनी मोजायचं, ही जुनी अडचण. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला, त्यात मराठीही आहे. मी म्हणते, करा. पण कागदाची वाट बघत बसू नका. शिरोरेषा शेवटी ओढायला लावू नका, रव्याच्या ताटात बोटानं अक्षर काढू द्या, उत्तर फोनवर बोलून पाठवलं तर चालेल असं शाळेकडून मिळवा. यातल्या कशालाच प्रमाणपत्र लागत नाही. मला मुख्याध्यापकांची परवानगी लागली, तीही तीन महिन्यांनी मिळाली.

'मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?' हाही प्रश्न येतोच, बहुधा पहिल्या नंबरच्या मुलांच्या पालकांकडून. मी जास्त वाद घालत नाही. जादा अर्धा तास मला दहावीत दिला असता तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे. समासाला दोन रंगांची रेघ ओढली असती.

पूर्वी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या कोसबाडला एकदा सहलीनं गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तिथे १९५७ मध्ये आल्या, त्याआधी बोर्डीला होत्या. आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. खडे, बिया, पानं हेच साहित्य. समावेशक शिक्षण हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं. येताना बसमध्ये मी विचार करत होते की माझ्या वर्गातून कुरणात जायला नेमकं किती अंतर आहे. सहलीच्या मुलांनी उलट्या करायला सुरुवात केली आणि विचार तिथेच राहिला.

दादाचं आता कळव्याला वर्कशॉप आहे, प्रदर्शनांचे स्टॉल करतो. हाताखाली सहा माणसं. कोटेशन बायको लिहिते, मला निरोप येतात ते बोलून रेकॉर्ड केलेले, स्वल्पविरामासकट. २०१८ मध्ये थर्माकोल बंद झाल्यापासून जुन्या इमारतीचं मखर तो पुठ्ठ्याचं करतो. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री मी माहेरी होते. खाली मंडपात गेले तर तो गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्याची अक्षरं चिकटवत होता. दीड फूट उंचीची, कडा अशा की सुरीनं लोणी कापावं. म, अनुस्वार, ग, ल, म, दीर्घ उकार, त, दीर्घ वेलांटी. सगळं बसवून झालं आणि हातात एक कोयरीएवढा तुकडा उरला.

"हा रफार कुठं जातो?"

"'ती'वर. शेवटाला, वेलांटीपाशी."

त्यानं तुकडा उचलला, 'मंगलमूर्ती' हळू उच्चारून बघितलं आणि थांबला. "पण बोलताना तर तो 'ती'च्या आधी येतो."

"हो."

"मग शेवटाला का?"

मी तोंड उघडलं. एम.ए.त शिकलेलं काहीतरी आठवायला लागले.

"राहू दे," तो म्हणाला, आणि डिंक लावला.